वर गेलेला हात

३ मार्च, सोमवार

झालं! पडलं माझ्याच गळ्यात. अख्ख्या ऑफिसात दुसरा एडिटर उरलाच नव्हता जणू!

टपालवर फिल्म करायचीय. टपाल म्हणजे तो फुटबॉलवाला — मधल्या फळीत खेळतो, म्हणजे खेळायचा, आता थांबतोय. चेंडू न चुकता पत्त्यावर पोचवतो म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. बावीस तारखेला क्लबात त्याचा निरोप समारंभ, आपल्या चॅनेलवर थेट, आणि त्यात दहा मिनिटांची आपली फिल्म. मला फुटबॉलमधलं एवढंच कळतं की हात लावायचा नाही.

प्रोड्यूसर टेबलावर बसून (खुर्ची असताना हा माणूस टेबलावरच का बसतो?) सांगत होता, "गोल हवेत, रडणारी माणसं हवीत, आणि लाल कार्ड तर हवंच हवं! फिल्मचा जीव तिथे आहे."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, मेले.

कारण ते लाल कार्ड दाखवणारा रेफरी सध्या आमच्या बाल्कनीत बसून पायाची नखं कापतो. माझे बाबा आहेत ते. ऑफिसात हे कुणाला माहीत नाही. आमचं आडनाव इतकं सर्रास आहे की कुणाला शंकाही येत नाही. आणि मी काय म्हणून सांगायला जाऊ?

४ मार्च, मंगळवार

आज घरी पिवळं कार्ड निघालं. मला. फ्रिजपाशी उभी राहून बाटली तोंडाला लावून पाणी प्यायले म्हणून. "ग्लास नाही का घरात?" आणि हात वर! बाटलीवर त्यांचा का एवढा राग आहे देव जाणे. चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायलेला चालतो, बाटली नाही चालत.

कार्डं अजून खिशात असतात त्यांच्या. पायजम्याला खिसा नसेल तर ते पायजमा घालत नाहीत. आईने एकदा दोन्ही धुण्यात टाकली होती — मुद्दाम, मला खात्री आहे — तर नवीन आणली. मी लहान असताना आजीच्या चष्म्यावर बसले म्हणून मला थेट लाल मिळालं होतं. चष्मा आजीनेच खुर्चीत ठेवला होता, हे तिने स्वतः कबूल केलं, तरी उपयोग शून्य. "एकदा निघालेलं कार्ड आत जात नाही." हा आमच्या घरचा कायदा. मला त्या दिवशी जेवण बाहेरच्या खोलीत.

अशा माणसाची मुलगी मी. आणि मला त्याच्याच कार्डावर ड्रामा करायचाय.

५ मार्च, बुधवार

जे सगळ्यांना माहीत आहे ते एकदा नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यातली गर्दी कमी होईल.

सोळा वर्षांपूर्वीची फायनल. बरोबरी. समोरच्यांचा एक जण पाय धरून पडला, खेळ थांबला, बाबा त्याच्यावर वाकून चौकशी करत होते. मागून कुणीतरी त्यांना शिवी हासडली. (ती इथेही लिहिणार नाही. आजीचा संबंध येतो.) बाबा गर्रकन वळले आणि सरळ टपालला लाल कार्ड. तेव्हा तो बावीस वर्षांचा पोरगा होता. देशाच्या संघात नुकतं नाव आलेलं, परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला जायची बॅग भरून तयार. क्लब फायनल हरला, त्याच्यावर बंदी आली, संघातून नाव गेलं ते कायमचं. त्यानंतर त्याच्यावर छापून आलेली प्रत्येक ओळ एकाच चालीवर — 'गुणी, पण तापट'.

आणि आमच्या घरावर त्याच संध्याकाळी दगड. बाबांचं नाव पडलं लाल्या. भाजीवालासुद्धा म्हणायचा, "लाल्याच्या घरचे ना? सुट्टे द्या." पुढच्या मोसमात बाबांनी शिट्टी ठेवली. गुडघा दुखतो म्हणाले. तोच गुडघा घेऊन अजून रोज टेकडी चढतात!

सोळा वर्षांत ते फक्त एक वाक्य बोललेत — "मी माझ्या कानांनी ऐकलं." आणि आई तेवढ्यावर जगाशी भांडत आलीय.

६ मार्च, गुरुवार

हा माणूस खेळायचा तरी का?

खरंच विचारतेय! दिवसभर फुटेज बघितलं. एवढ्या वर्षांत गोल किती, तर हाताच्या बोटांवर. एक तर समोरच्याच्या पार्श्वभागाला लागून गेलेला. कॅमेरा चेंडूमागे पळतो, आणि या महाशयांकडे चेंडू टिकतच नाही. आला — गेला. मी 'प्ले' दाबून कॉफीचा घोट घेते तोवर हे चित्रातून बाहेर!

प्रोड्यूसरला म्हटलं, याच्यावर दहा मिनिटं कशी होतील? हा दहा सेकंदांचा माणूस आहे. तो म्हणाला, "स्लो मोशन लाव."

८ मार्च, शनिवार

माझे शब्द मागे. सगळे नाही, थोडे.

गोदामात छपरावरच्या कॅमेऱ्याच्या टेप सापडल्या. तो कॅमेरा अख्खं मैदान एकाच चित्रात धरतो. टीव्हीवर कधी दाखवत नाहीत, कारण माणसं मुंगीएवढी दिसतात. पण त्यात टपाल आहे! सतत! आणि तो काय करतो? मान वळवतो. डावीकडे, उजवीकडे, खांद्यावरून मागे. लहान मूल हाताशी धरून रस्ता ओलांडणारी आई बघते ना, तसा. चेंडू अजून तिसऱ्याच कुणाच्या पायात असतो, आणि याचं बघून झालेलं असतं. मग चेंडू येतो, याचा एक स्पर्श, आणि जिथे कुणीच नव्हतं तिथे अचानक कुणीतरी असतं. गोल मारणारा हात पसरून पळतो, कॅमेरा त्याच्यामागे, लोक त्याच्यामागे. हा मागे वळून आपल्या जागेवर चालत जातो. मोजे वर ओढतो.

एक मोसम पूर्ण बघितला. त्यांचा स्ट्रायकर 'तोफ' — तोच, आता क्लबचा अध्यक्ष, टीव्हीवर गाद्यांच्या जाहिरातीत झोपतो तो — त्याचे निम्मे गोल मीसुद्धा मारले असते. चेंडू पायात आणून ठेवलेला! वाढलेलं ताट. तोफेने फक्त तोंड उघडायचं.

चहा गार झाला, लक्षातच नाही. फुटबॉल बघताना! आईला सांगितलं तर डॉक्टरकडे नेईल.

११ मार्च, मंगळवार

आज दोन गोष्टी झाल्या. दोन्ही वाईट.

एक. प्रोड्यूसर म्हणाला, टपालला क्लबच्या पोरांच्या संघाला शिकवायचं आहे. खूप दिवसांची इच्छा. तेवढंच मागितलंय त्याने क्लबकडे, बाकी काही नाही. पण अध्यक्ष, म्हणजे तोफ, म्हणतो, "तापट माणसाच्या हाती पोरं कशी द्यायची? लोक काय म्हणतील?" निकाल समारंभानंतर. प्रोड्यूसर खूश — "म्हणजे आपल्या फिल्मला वजन आहे बघ!"

दोन. त्याने विचारलं, "तो रेफरी कुठे असतो? आणू या का स्टेजवर? सोळा वर्षांनी गळाभेट! सगळे रडतील!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वारला बहुधा."

"अरेरे. कधी?"

"झाली असतील दोन-तीन वर्षं."

तो खरंच हळहळला. मला विचारतो, "कशाने?" मी म्हटलं, "गुडघा."

१२ मार्च, बुधवार

बाबांना सकाळपासून शिंका येतायत. प्रत्येक शिंकेला मी दचकते. आहेत, आहेत.

१३ मार्च, गुरुवार

नको होतं सापडायला.

फायनलच्या टेपांमध्ये एक जादा टेप होती. कडेला खाली बसलेल्या कॅमेरामनची. प्रक्षेपणात कधी वापरलीच नाही ती, कारण त्या वेळी सगळे त्या पडलेल्या खेळाडूला दाखवत होते. मग थेट बाबांचा वर गेलेला हात, मग टपालचा चेहरा. मधलं जगाने बघितलेलंच नाही.

मधलं या टेपमध्ये आहे. बाबा पाठमोरे, वाकलेले. त्यांच्या मागे अगदी जवळ टपाल. पाणी पितोय. बाटली तोंडाला लावलेली, मान वर, गळ्याची घाटी खालीवर होतेय. आणि शिवी ऐकू येते. स्वच्छ. बाटली तोंडातच आहे!

आवाज कुणाचा ते शोधावं लागलं नाही. तसला फाटका आवाज एकच. रोज ऐकते मी तो, 'या गादीवर पाठ टेका, जग विसरा.' टपालच्या मागे उभा आहे तो, अर्धाच दिसतो. शिवी देऊन झाल्यावर जमिनीकडे बघतो.

बाबा वळतात. समोर टपाल. हात वर.

हेडफोन काढले तर ऑफिसात कुणीतरी वाढदिवसाचा केक कापत होतं. मलाही तुकडा दिला. खाल्ला मी तो. चव आठवत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

बाबांनी विचारलं, तब्येत बरी नाही का? नाही म्हटलं.

१५ मार्च, शनिवार

दाखवलं तर टपालचं नाव धुतलं जाईल, पोरांचा संघ मिळेल, तोफेची झोप उडेल. सगळं योग्य. आणि बाबा? त्यांच्याकडे दुसरं आहे काय? दगड सोसले, लाल्या म्हणवून घेतलं, सगळं एका वाक्यावर. 'मी माझ्या कानांनी ऐकलं.' त्या कानांनी बरोबर ऐकलं, पण माणूस चुकीचा धरला, असं मी त्यांना पासष्टाव्या वर्षी सांगू? तेही टीव्हीवर?

नाही दाखवलं तर मी रोज दाढी करणाऱ्या बापाकडे बघणार आणि मला बाटली दिसणार.

राग येतोय. कुणाचा ते नक्की नाही, म्हणून सगळ्यांचाच. आईने विचारलं, काय भाजी करू, तर तिच्यावरही ओरडले. पिवळं मिळालं. रास्त होतं.

१७ मार्च, सोमवार

टपाल आला होता. मुलाखत रेकॉर्ड करायला. पडद्यावर मुंगीएवढा बघून बघून वाटलं होतं लहान असेल, चांगला दाराएवढा आहे. जिन्यातून लंगडत आला. खोलीत शिरल्या शिरल्या मान डावीकडे, उजवीकडे, मागे. सवय! मग बरोबर मोडक्या खुर्चीत बसला. म्हणजे मैदानाबाहेर त्याचंही चुकतं.

मुलाखत भिकार झाली. "सगळं श्रेय संघाला" — हे चार प्रश्नांना एकच उत्तर. प्रोड्यूसर कंटाळून फोन घ्यायला बाहेर गेला. मी दार लावलं आणि टेप लावली. ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेला.

तो बघत राहिला. मग म्हणाला, "केस किती होते मला!"

मी म्हटलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"कार्ड निघालं होतं ना. निघालेलं कार्ड कुठला रेफरी परत घेतो? मी म्हणालो असतो मी नाही, तर विचारलं असतं मग कोण? एक गडी गेलाच होता. दुसरा गेला असता. आणि गोल मारणारा तोच होता आमच्यात." खांदे उडवले. "हिशेब तेवढाच होता. पाणी गिळेपर्यंत झाला."

"आणि नंतर? सोळा वर्षं?"

"नंतर तो येईल, सांगेल, असं वाटलं. रोज वाटायचं. मग वाटायचं बंद झालं."

एवढं शांतपणे सांगत होता की मलाच रडू आलं. मग सांगूनच टाकलं, "तो रेफरी माझा बाप आहे."

त्याने मला नीट न्याहाळलं. मग, "ते वारले असं खाली तो टेबलावर बसणारा म्हणाला मला. मी वाईट वाटून घेतलं!"

"ठणठणीत आहेत. मीच मारलं त्यांना."

इतका हसला, इतका हसला, की मोडकी खुर्ची उरलीसुरली मोडली. जमिनीवर बसूनच विचारलं, "त्यांना माहीत आहे हे? बाटलीचं?"

"नाही. कळलं तर मोडतील."

त्याने पुन्हा एकदा मान वळवून बघितलं. दार, पडदा, मी. मग म्हणाला, "काप तो तुकडा."

"अहो, पण तुमचा पोरांचा संघ?"

"तुझ्या वडिलांच्या घरावर दगड पडले ना? माझ्या घरावर फुलं टाकून गेले होते लोक. काप."

आला — गेला. चेंडू परत माझ्या पायात.

१९ मार्च, बुधवार

कापला. फेकला नाही.

फिल्म छान झालीय, माझ्या तोंडाने सांगते. छपरावरचा कॅमेरा आणि मान वळवणारी ती मुंगी. संगीत कमी. प्रोड्यूसर म्हणाला, "गोल कुठायत?" मी म्हटलं, "हेच." तो टेबलावरून उतरून खुर्चीत बसला. पहिल्यांदाच!

कार्ड ठेवलं. हात वर, चेहरा, संपलं. जगाला माहीत आहे तेवढंच.

२२ मार्च, शनिवार

काय दिवस! क्रमाने लिहिते.

मी घरीच होते. समारंभ टीव्हीवर बघितला, बाबा-आईबरोबर. बाबा बसणार नाहीत वाटलं होतं. बसले. इस्त्रीचा शर्ट घालून. फिल्म लागली तेव्हा मी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होते. मुंगी मान वळवू लागली तसे ते पुढे सरकले. "हे कुणी शोधलं?" मी म्हटलं, मी. ते पुन्हा पडद्याकडे वळले. पण मला माहितीय तो चेहरा. कार्ड नाही दाखवलं की समजायचं शाबासकी.

मग तोफ उठला. फाटक्या आवाजात, "आमचा टपाल! गुणी, पण काय करणार, डोकं गरम! त्या लाल कार्डाने घात केला. ते रेफरीसाहेबही आज आपल्यात नाहीत, देव त्यांच्या आत्म्याला —"

आई उडालीच! "काय म्हणाला मेला? कोण नाही?" बाबांनी स्वतःच्या मनगटाची नाडी बघितली. खरंच बघितली! मी उशीत तोंड खुपसलं.

आणि टपालने माइक घेतला. जवळजवळ ओढलाच. "रेफरीसाहेब आहेत. ठणठणीत आहेत. आणि आज सगळ्यांसमोर सांगतो — त्या दिवशी शिवी मीच दिली होती. कार्ड बरोबर होतं. त्यांच्या घरावर दगड मारणाऱ्यांनी ऐकून ठेवा. त्यांची माफी मागायची राहिली होती, ती मागतो."

तोफेचा चेहरा बघण्यासारखा होता. माइकच्या वायरकडे बघत होता नुसता.

आई रडायलाच लागली. सोळा वर्षांचं साठलेलं. "ऐकलंत? ऐकलंत का? बरोबर होतात तुम्ही!" शेजारचे धावत आले, वरचे आले, मिठाईचा पुडा कुठूनसा आला. भाजीवाल्याचा फोन! "साहेब" म्हणाला. लाल्याचा साहेब झाला एका मिनिटात. बाबा सगळ्यांना हूं हूं करत राहिले. मिठाई हातातच होती. म्हातारा हरखून गेलाय, बोलायला सुचत नाहीये, असं सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरांचा संघ त्याला आता मिळत नाही, हे तेवढं डाचलं.

२३ मार्च, रविवार

सकाळी बाबा माझ्या खोलीत आले. दार न वाजवता. म्हणाले, "तो खोटं बोलला. त्याच्या तोंडाला बाटली होती."

बाटलीचं मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

"हात वर गेला आणि मग दिसली. वर गेलेला हात खाली आणता आला नाही मला. घरी येऊन ठरवलं, उद्या सांगायचं. तर दगड आले. सांगितलं असतं तर म्हणाले असते, दगडांना घाबरला. म्हणून थांबलो. मग थांबतच गेलो."

मग म्हणाले, "तू सगळ्या टेपा बघितल्यास ना? असेल ना ते त्यात?"

आहे म्हटलं.

"मग लाव. काल तो जिथे बोलला तिथेच, टीव्हीवर. मी येतो बरोबर."

आत्ता दारात उभे आहेत, बूट घालून. आईला अजून काही सांगितलेलं नाही. खिशातलं लाल कार्ड काढून हातात धरलंय, आणि मला विचारतायत की ते स्वतःला दाखवायचं तर तोंड कुठल्या बाजूला करायचं.